३३१ क्रमांकाचे कपाट

दुपारी तीन ते पाच या वेळेत गेले दीड वर्ष मी पुस्तके जागेवर लावण्याचे काम करते आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील एका छोट्या ग्रंथालयात, ‘कमवा व शिका’ योजनेखाली मला हे काम मिळाले. वाचकांनी परत केलेली किंवा वाचून टेबलावर तशीच सोडून दिलेली पुस्तके ढकलगाडीत भरायची, प्रत्येकाच्या कण्यावर चिकटवलेला क्रमांक पाहायचा आणि ते पुस्तक नेमक्या त्याच फळीवर, नेमक्या त्याच दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवायचे, एवढेच हे काम. शेवटी हजेरीच्या वहीत तास लिहून सही करायची. महिनाअखेरीस जमा होणाऱ्या रकमेतून जेवणाचा बराचसा खर्च भागतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून श्रम करून शिकण्याची ही रीत महाराष्ट्रात रुजली, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते. मात्र परीक्षेत दोन गुणांना येणारे ते वाक्य पुढे कधी आपल्याच हजेरीच्या वहीत उतरेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

मी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याची. पदवीपर्यंतचे अर्थशास्त्र मराठीतून शिकले आणि एम. ए. साठी पुण्यात आले. पहिल्या आठवड्यात सर फळ्यावर आकृती काढून ‘मार्जिनल युटिलिटी’ समजावत होते आणि मी ही कुठली नवी संकल्पना म्हणून भराभरा उतरवून घेत होते. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मला भाकरीच्या उदाहरणासह पाठ होता. हे तेच आहे हे लक्षात यायला रात्र व्हावी लागली, आणि लक्षात आल्यावर आनंद होण्याऐवजी राग आला. ‘इंडिफरन्स कर्व्ह’ म्हणजे आपला समवृत्ती वक्र, हे दुसऱ्या आठवड्यात उलगडले. म्हणजे जे मला येत होते तेही येत नसल्यासारखे झाले होते. वर्गात प्रश्न मनात यायचा, त्याचे इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असायचा, आणि मग तो प्रश्न मी रिफेक्टरीच्या रांगेत ताट घेऊन उभी असताना मनातल्या मनात पूर्ण करायची. पहिल्या सहा महिन्यांत मी वर्गात एकदाही बोलले नाही. वसतिगृहाच्या खोलीतील मैत्रीण म्हणायची, “अगं, विचार की! कोण खातंय तुला?” खात कोणीच नव्हते, हे मलाही कळत होते.

ग्रंथालयातील काम मी स्वीकारले ते पैशांसाठी. अभ्यासाशी त्याचा संबंध असेल अशी माझी अजिबात अपेक्षा नव्हती. तिथे ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग आणि त्या भागांचे पुन्हा दहा, अशी ही पद्धत मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केली. ३०० म्हणजे सामाजिक शास्त्रे, त्यात ३३० म्हणजे अर्थशास्त्र आणि ३३१ म्हणजे श्रमाचे अर्थशास्त्र. मराठी साहित्य ८९१.४६ वर. (आपल्या साहित्याला एवढी लांब शेपटी आणि इंग्रजी साहित्य मात्र सुटसुटीत ८२० वर, हे पाहून प्रथम चीड येते, अमेरिकेत बसून जगाची कपाटे लावली की असेच व्हायचे.)

तिसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून घोळ झाला. एक संशोधक विद्यार्थी वेतनावरचे एक पुस्तक शोधत होता. संगणकावर ते ‘उपलब्ध’ दिसत होते आणि फळीवर मात्र नव्हते. तो तीन दिवस येत राहिला. चौथ्या दिवशी ग्रंथपाल मॅडमनी स्वतः कपाट तपासले, तेव्हा ३३१.२१ क्रमांकाचे ते पुस्तक ३३१.१३७ च्या अलीकडे, कितीतरी पुस्तके ओलांडून भलत्याच फळीवर सापडले. मीच ठेवले होते. एकवीस हे एकशे सदतीसच्या आधी येणार, असा सरळ हिशेब मी केला होता. पण ते आकडे दशांश चिन्हाच्या उजवीकडे होते, आणि तिथे .१३७ हे .२१ पेक्षा लहान असते. सांख्यिकीचा पेपर चांगल्या गुणांनी सुटलेल्या मुलीने पाचवीच्या गणितात खाल्लेली ही आपटी होती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “बाळ, हरवलेल्या पुस्तकाची निदान नोंद होते. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक मात्र असूनही नसतं. तुला शंका आली होती का ठेवताना?”

आली होती. त्या दोन क्रमांकांपाशी मी क्षणभर थांबले होते आणि पाच पावलांवर बसलेल्या मॅडमना विचारावे असे मनात येऊनही विचारले नव्हते. वर्गात इंग्रजीची अडचण म्हणून मी गप्प बसत होते असे मी स्वतःला सांगत आले होते. इथे तर मॅडम माझ्याशी मराठीतच बोलत होत्या. गप्प बसण्याचे कारण भाषेहून वेगळे होते, हे त्या दुपारी ३३१ च्या कपाटापुढे मला पहिल्यांदा स्वच्छ दिसले, आणि खरे सांगायचे तर ते दिसलेले मला मुळीच आवडले नाही.

त्यानंतर मॅडमनी मला महिनाभर त्याच कपाटाचे काम दिले. दररोज एकेक फळी घेऊन प्रत्येक पुस्तक क्रमाने आहे का हे तपासायचे. शिक्षा होती की शिकवण, हे मी विचारले नाही. (विचारायला हवे होते, हे आता कळते.) या तपासणीत पुस्तके हाताखालून इतक्या सावकाश जातात की त्यांची नावे वाचलीच जातात, आणि आतल्या तारखांच्या चिठ्ठीवरून शेवटचा वाचक कधी येऊन गेला तेही समजते. असाच एक जाड, पिवळ्या पडलेल्या पानांचा इंग्रजी अहवाल हाती आला. वीस वर्षांत तो कोणी घरी नेलेला नव्हता. उभ्या उभ्या चाळताना एका पानावर ‘सुकडी’ हा शब्द रोमन लिपीत तिरप्या ठशात छापलेला दिसला, आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मजुरांना मिळणारे कोरडे पौष्टिक खाणे, हा माझ्या आजीचा शब्द. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी तिच्याकडून ऐकतच आम्ही नातवंडे मोठी झालो. खडी फोडायला जायचे, दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी असायची आणि ती घशाखाली उतरत नसे. आम्ही कंटाळून म्हणायचो, “आजी, पुन्हा तेच नको.” तीच गोष्ट आता कोष्टकांसह, तळटीपांसह, विद्यापीठाच्या कपाटात क्रमांक लावून उभी होती. अहवालात लिहिले होते की १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्या ५० लाखांत एक माझी आजी होती, तेव्हा विशीतली, कडेवर माझी मोठी आत्या असलेली.

पुढचे दोन महिने मी त्या कपाटात अक्षरशः राहिले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली सगळ्या देशासाठी झालेल्या कायद्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. यातले पुष्कळसे मला पदवीच्या अभ्यासातून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते योजनेच्या पैशाचे. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो या योजनेसाठी, आणि अशा करांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्याकडून घालावी अशी सोय केली. पगारदार माणसाच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हा कर. पुण्या-मुंबईत टेबलाशी बसणाऱ्या माणसाच्या पगारातून चार पैसे काढून आष्टीच्या माळावर पाझर तलाव बांधणाऱ्या बाईला मजुरी द्यायची, असा सरळ धागा कोणीतरी विचारपूर्वक ओवला होता. अर्थशास्त्र म्हणजे वक्र आणि समीकरणे असे मानून घाबरलेल्या मला हे वाचून पहिल्यांदा या विषयाबद्दल माया वाटली. समीकरणे अजूनही अवघडच जातात.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सार्वजनिक खर्चावरील चर्चासत्रात एका सहाध्यायाने मांडणी करताना म्हटले की रोजगार हमीसारख्या योजनांमुळे लोकांना काम न करता पैसे घेण्याची सवय लागते. माझा हात वर गेला. मी सुरुवात इंग्रजीत केली, दुसऱ्या वाक्याला अडखळले, मग सरांना विचारले, “सर, मी मराठीत बोलू का?” ते म्हणाले, “बोला की.” मी व्यवसाय करापासून सुरुवात करून मस्टर, कामाचे मोजमाप आणि मजुरी यांची रीत सांगितली. पाचेक मिनिटे बोलले असेन. नंतर त्या सहाध्यायाने मला दोन अडचणीचे प्रश्न विचारले आणि त्यांतील एकाचे उत्तर मला देता आले नाही. ते मी तसे सांगितले. वर्गात आभाळ कोसळले नाही. सरांनी पुढच्या विद्यार्थ्याला बोलावले आणि पंखा आधीसारखाच कुरकुरत राहिला.

प्रबंधिकेसाठी मी हाच विषय घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या अहवालातील मजुरीच्या कोष्टकाची झेरॉक्स घेऊन गावी गेले. ओसरीवर बसून आजीला ते कोष्टक मराठीत वाचून दाखवू लागले. तिने सुपातली मुगाची डाळ निवडता निवडता ऐकून घेतले आणि मध्येच हात थांबवला.

“तीन रुपये? कुणाला तीन रुपये?”

“आजी, इथं दिवसाची सरासरी दिलीय.”

“आगं, मापात खडी बसली तर तीन रुपये. मुकादम लाकडाचं माप घिऊन यायचा. माप भरलं न्हाई तर कसले तीन अन् कसले चार! लेकराला पाजाया बसलं की माप मागं पडायचं. मग तुझा आजा त्याच्या ढिगातली दोन पाट्या खडी माझ्या ढिगात वतायचा, चोरून.”

मी वही काढली. अहवालात खडीचा दर ब्रासवर दिला होता. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे मी परीक्षेसारखे आजीला सांगितले. ती म्हणाली, “आसंल. आम्हाला पाटी ठावं.” मग एका मापात किती पाट्या बसत, दिवसाला किती मापे भरत, तान्हे मूल असलेल्या बाईची किती कमी भरत, हे मी तिला एकेक करून विचारत गेले आणि ती आठवून आठवून सांगत गेली. जिथे आठवत नव्हते तिथे तिने शेजारच्या घरात हाक मारली आणि तिच्याच वयाची दुसरी एक आजी येऊन बसली. त्या दोघींचे मापाच्या उंचीवरून बराच वेळ एकमत होईना. एकीने गुडघ्याला हात लावून दाखवला, दुसरीने मांडीला.

घरातली टेप सापडेपर्यंत दिवेलागण झाली. दोन्ही हातांच्या खुणा मी मोजल्या, दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि पुढे कोणी सांगितले तेही लिहिले. आजीने विचारले, “ह्ये तू त्या पुस्तकात घालणार?” मी हो म्हणाले. तिने डाळीचे सूप पुन्हा मांडीवर ओढले आणि म्हणाली, “मग पाटीचं नीट लिही. लोखंडाची पाटी मागनं आली. आधी शिंदीची व्हती, तिच्यात कमी बसायची.”