भुतांच्या वाटेनं सोलापूर

माझी भाची शिकायला एडिंबरोला असते. तिथं 1788 साली बांधून झालेल्या साउथ ब्रिजच्या कमानींखाली तळघरं आहेत. एकेकाळी त्यांत कारागीर आणि गोरगरीब राहायचे, आता रात्री वाटाडे लोकांना तिथं भुतांच्या गोष्टी सांगत फिरवतात. नाताळच्या सुट्टीत ती सोलापूरला यायची होती. फोनवर म्हणाली, "मावशी, आपल्याकडं असं काही नाही का गं?"

मी जन्मापासून सोलापूरची. किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, वेशी, मिल, आणि एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं. एवढं असताना गोष्टी नसतील कशा? अशा गोष्टी सांगत फिरवणारा वाटाड्या शोधायला लागले.

सुरुवातीला ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांनी भूत दिसायची गॅरंटी दिली. मोबाइलवर आवाज, वळणावर पांढऱ्या साडीतली बाई, वर स्मशानात अर्धा तास. मी तिथंच नको म्हटलं. ज्या स्मशानात आपल्याच गावची माणसं पोचवली गेली तिथं करमणुकीला जाणं मला पटत नाही. शिवाय भूत-पिशाच्च बोलावतो असं सांगून लोकांत घबराट पसरवणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. अशी गॅरंटी कोणी दिली तर सरळ फोन ठेवावा.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं निवृत्त इतिहास शिक्षकांचं नाव सुचवलं. सगळे त्यांना सरच म्हणतात, मीही तेच म्हणते. ते मोठे गट घेत नाहीत. एक कुटुंब, एक संध्याकाळ. पैसे अख्ख्या गटाचे, डोईवारी नाहीत, थोडे आधी आणि उरलेले फेरी संपल्यावर.

पैशांच्या आधी मात्र त्यांनी प्रश्न विचारले. कोणाला हृदयाचा त्रास आहे का, कोणाला अंधारात कमी दिसतं का, लहान मूल आहे का. आणि मग, "घरात वर्षभरात कोणी गेलंय का, मॅडम?" मी कारण विचारलं. म्हणाले, "काही गोष्टी मग मी सांगत नाही." आमच्याबरोबर आत्या येणार होती, सत्तरी ओलांडलेली. तिच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते हे मी सांगून ठेवलं. त्या एका प्रश्नानं माझी खात्री पटली की माणूस योग्य आहे.

भाचीला अमावस्या हवी होती. सरांनी साफ नाही म्हटलं. अमावस्येला जुन्या पेठांत चौकाचौकांत उतारे टाकलेले असतात, लोक आपल्या घरातल्या आजारपणासाठी, लेकरासाठी ते करतात, आपण त्याचा तमाशा करायचा नाही. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही नको, पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरातला मधला वार ठरला. उन्हाळ्यात तर सोलापुरात रात्री दहालाही फरशी तापलेली असते, तेव्हा चालायचा विचारसुद्धा करू नये.

फेरीची सुरुवात उजेडातच करावी लागते, कारण भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे आणि सूर्यास्तानंतर आत थांबता येत नाही. उन्हं कलायच्या आधी आम्ही दरवाजात उभे होतो: मी, भाची, आत्या आणि माझा भाऊ-वहिनी. सरांनी आधी नियम सांगितला. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला ते ती कुठली ते सांगणार: कागदावरची, ऐकलेली, की त्यांनी स्वतः रचलेली. "घाबरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण फसवून घाबरवणार नाही."

किल्ला बहमनी काळातला. दुहेरी तट, बाहेर खंदक, एका अंगाला सिद्धेश्वराचं तळं. आत जुन्या मंदिराचे अवशेष आणि थोड्या अंतरावर मशीद. कागदावरचं त्यांनी भराभर सांगितलं. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, त्या सोयरिकीत हा किल्ला आंदण गेला. त्याच सोयरिकीच्या बळावर 1565 मध्ये विजयनगरविरुद्ध सुलतान एकत्र आले. 1685 मध्ये विजापूर घ्यायला निघालेला औरंगजेब सोलापुरात तळ देऊन होता. मे 1818 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेकडून किल्ला घेतला.

मग एका बुरुजाच्या सावलीत थांबले. "आता ऐकलेलं." बुरूज चढवावा आणि रात्रीत ढासळावा, असं सारखं व्हायला लागलं. शेवटी कोणीतरी सांगितलं की बळी दिल्याशिवाय तो उभा राहायचा नाही, आणि एका बाळंतिणीला पायात चिणलं. मध्यरात्री भिंतीतून तान्ह्या लेकराचं रडणं येतं म्हणतात.

वहिनीनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. सर म्हणाले, "ही एकट्या सोलापूरची गोष्ट नाही. दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांच्या बुरुजांना हीच कथा चिकटलेली आहे." भाचीचा थोडा हिरमोड झालेला दिसला. पण पुढचं त्यांचं म्हणणं मला अजून पटतं. एवढाली बांधकामं झाली, त्यांत दगडाखाली किती गवंडी, किती वडार, पाट्या वाहणाऱ्या किती बाया मेल्या असतील. सुलतानांची नावं तवारिखांत आली, यांचं एकही नाव कुठं उतरलं नाही. मग लोकांनी एक बाळंतीण भिंतीत बसवली आणि तिला रडू दिलं. तटाच्या त्या भागात दोन दगडांच्या सांध्यात चुना निघून बोटभर फट पडलीय. मी तिला हात लावला. दिवसभराचं ऊन अजून आत होतं.

तिथून तळ्याच्या काठानं निघालो. अंधार पडला होता, देवळातले दिवे पाण्यात उतरले होते. इथं सर म्हणाले, "इथं भुताची गोष्ट नाही. इथं सिद्धरामेश्वरांची समाधी आहे." बाराव्या शतकातल्या या शिवयोग्यानं सोलापुरात अडुसष्ट लिंगं स्थापली, तळं खोदवलं. त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येची कथा आम्हाला सगळ्यांना पाठ, पण भाचीसाठी त्यांनी पुन्हा सांगितली. सिद्धरामांनी स्वतःऐवजी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला संमती दिली, आणि पुढं ती सती गेली. दर जानेवारीत सात नंदीध्वज गावातून निघतात, संमती कट्ट्यावर हजारो लोक अक्षता टाकतात. आणि संक्रांतीला होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्या बांधून कुंभारकन्या करतात, तिला शालू नेसवतात, दागिने घालतात आणि होमात देतात.

आत्यानं हात जोडले. मीही हा विधी लहानपणापासून पाहत आलेय, गर्दीत टाचा उंचावून. पण बुरुजातल्या बाळंतिणीनंतर लगेच कुंभारकन्या ऐकली तेव्हा पहिल्यांदाच जाणवलं की या गावाच्या पायाशी दोन बायका आहेत. एकीचं भूत झालं, दुसरीला दरवर्षी नवरी म्हणून सजवतात. सरांना विचारलं, तुम्ही मुद्दाम या क्रमानं सांगता का? "हो," म्हणाले, आणि चालायला लागले.

पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी रिक्षांची आणि गाड्यांची वर्दळ होती. भुतांच्या फेरीत हे ठिकाण कशाला, असं माझ्या भावाला वाटलं. सरांनी कागदावरचंच सांगितलं. 6 एप्रिल 1930 ला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा लागला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली. 8 मे ला दारूसाठी लागणारी शिंदीची झाडं तोडायला गेलेल्या लोकांची आणि पोलिसांची गाठ पडली, गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. पुढचे काही दिवस गावात इंग्रजांची सत्ताच उरली नव्हती. 12 मे ला मार्शल लॉ पुकारला. गांधी टोपी घातली म्हणून, झेंडा हातात धरला म्हणून माणसं तुरुंगात गेली. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं.

"फाशी गेलेल्यांची भुतं होतात म्हणतात ना सर?" भाचीनं विचारलं.

"ज्यांची आठवण कोणी काढत नाही त्यांची होतात, असं माझी आजी म्हणायची. यांना दर वर्षी हार घालतात." एवढंच म्हणून त्यांनी चौघांची नावं पुन्हा एकदा घेतली, सावकाश.

नवी पेठेतली दुकानं बंद व्हायला लागली होती. शटर खाली येताना होणारा खडखडाट सोडला तर रस्ता शांत होत चालला होता. मंगळवार पेठेच्या अंगानं आतल्या बोळांत शिरलो तशी वाट अरुंद झाली. दोन ठिकाणी सरांनी आम्हाला टॉर्च विझवायला सांगितला, कारण उघड्या खिडकीतून लोकांच्या अंथरुणावर उजेड पडत होता. एका तिठ्यावर अमावस्या नसतानाही उतारा दिसला: द्रोणात भात, त्यावर हळदीकुंकू, अर्धं चिरलेलं लिंबू, शेजारी विझलेली वात. भाचीनं मोबाइल काढला. सर म्हणाले, "फोटो नको, बाळ. आत कोणीतरी तापानं फणफणलं असेल." आम्ही वळसा घालून पुढं गेलो.

रचलेली गोष्ट त्यांनी एका बंद वाड्यासमोर सांगितली. वाडा कोणाचा ते सांगितलं नाही, मीही लिहीत नाही, मालकांना त्रास नको. भिंतीतून पिंपळ फुटलेला, दिंडीदरवाजाला गंजकं कुलूप. सुरुवातीलाच म्हणाले, "ही माझी आहे, इथं असं काही घडलेलं नाही." गोष्ट मुंजाची. मौंजीनंतर सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, जो दर रात्री येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारतो, "माझी शाळा सुटली का?" सर फार हळू बोलत होते, एका लयीत. मध्येच वारा आला आणि पिंपळाची पानं सळसळली. गोष्ट खोटी आहे हे चांगलं ठाऊक असूनही माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि भाचीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. एडिंबरोपेक्षा हे भारी, असं ती नंतर म्हणाली.

मला यातच खरी कसबाची गोष्ट दिसते. ही रचलेली आहे हे आधी सांगूनही जो माणूस समोरच्याला घाबरवू शकतो, त्याला पांढऱ्या साडीतल्या बाईची गरजच नाही. आणि तो जेव्हा कागदावरचं सांगतो तेव्हा आपण विश्वासानं ऐकतो. आपल्याकडं उलटंच जास्त चालतं. ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून खपवतात आणि खरा इतिहास कोणी ऐकत नाही. वाटाड्या निवडताना एवढं एक बघावं.

शेवटचा टप्पा मिलचा. आत्याचे पाय दुखायला लागले होते, म्हणून रिक्षा केल्या. मुरारजी पेठेत, जिथं 1877 पासून जुनी मिल चालली, तिथं आता इमारती आणि दुकानं आहेत. सर एका दुकानाच्या पायरीवर बसले. "इथं मी गोष्ट सांगत नाही. आत्याबाईंना वाटलं तर त्या सांगतील. नाही वाटलं तर आपण चहा पिऊ."

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग बोलायला लागली. भोंग्यावर सगळं गाव चालायचं, शाळा, स्वयंपाक, डबा. यजमान रातपाळीला असले की पहाटेच्या भोंग्यानं तिला जाग यायची. ते साच्यावर, म्हणजे धोटा इकडून तिकडं पळणाऱ्या मागावर, होते. त्यांच्या खात्यात एका बदली कामगाराचा हात मशीनमध्ये जाऊन तो गेला. त्यानंतर रातपाळीला त्या साच्यापाशी कोणी एकटं थांबायचं नाही. "हे म्हणायचे, तो साचा बंद असला तरी धोटा आपटल्याचा आवाज येतो. मी म्हणायची, झोप नाही झाली की होतं तसं. मग मिल बंद पडली. हे घरी बसले. आणि घरात, इथं, पलंगावर पडल्या पडल्या म्हणायचे, ऐक, धोटा आपटतोय."

मी तिची भाची, तिच्या मांडीवर वाढलेली. हे मला कधी सांगितलं नव्हतं. वहिनीनं तिचा हात हातात घेतला. एकापाठोपाठ एक मिल बंद पडल्या तेव्हा मी लहान होते, मोठ्यांच्या बोलण्यात 'देणी' हा शब्द सारखा यायचा एवढंच आठवतं. घरोघरी माणसं अशी पडून आवाज ऐकत होती हे कोणत्या कागदावर नाही.

सरांनी विचारलं, "आत्याबाई, ही गोष्ट मी पुढच्या लोकांना सांगू का? 'ऐकलेली' म्हणून."

"सांगा की. पण आमच्या ह्यांचं नाव नको. आणि त्या बदली पोराला भूत म्हणू नका. कामावर आला होता तो."

सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आत्यानं चष्मा लावून ते वाचलं, 'रातपाळी' शब्द राहिला होता तो घालायला लावला, आणि मग म्हणाली, आता चहा घ्या.