पेटी, पद आणि 'तसला' मुलगा

आज आत्याकडे साखरपुडा होता. जेवणं उरकल्यावर भाच्याला गायचा आग्रह झाला. अकरावीतला पोरगा, आवाज आत्ता कुठे स्थिरावतोय. पेटी पुढ्यात ओढली आणि 'सौभद्र' नाटकातलं पद असं घेतलं की मठ्ठा वाढणारे काका जग हातात धरून तसेच उभे. टाळ्या पडल्या. लगेच मागून एक आवाज, "गातो छान, पण जरा 'तसला' वाटतो, नाही?" खसखस पिकली.

मी बोललोच. आत्या म्हणाली, "जाऊ दे रे, शुभकार्यात कशाला." (टोमणा शुभकार्यात चालतो वाटतं!)

हेच गृहस्थ बालगंधर्वांचं नाव काढलं की कानाला हात लावतात. बालगंधर्व म्हणजे 1911 साली 'मानापमान' नाटकात नायिका भामिनी झालेले नारायणराव राजहंस. त्यांची साडी नेसायची ढब त्या काळच्या बायका उचलायच्या. तिथं कौतुक, आणि घरातल्या पोराने नुसतं पद म्हटलं तर शंका?

बरं, असेल भाचा गे. नसेलही. पेटीवरून ते कसं कळणार? दिवसभर क्रिकेट खेळणाऱ्या पोराबद्दल कुणी असले अंदाज बांधत नाही, आणि गे मुलं काय क्रिकेट खेळत नाहीत? 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध 377 कलमाखालच्या गुन्ह्यातून वगळले, पण आपल्याकडे 'गे' हा शब्द अजून हसण्यावारीच वापरतात. मला खरी चीड त्याची आली.

भाच्याला मात्र परतताना वेगळीच काळजी होती: तबलजी लय वाढवत होता, ते कुणाला कळलं का?