मराठी मेल अडकतो, इंग्रजी जातो

लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यात मी कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करतो. डाळ मिल, आडत दुकानं, सीएंची ऑफिसं, दोन-तीन शाळा. लोकांना वाटतं आमचा दिवस मशीन उघडण्यात जातो. खरं तर निम्मा दिवस फोनवर जातो आणि उरलेला मोटारसायकलवर. एका ठिकाणी तासभर बसून विचार करायला मिळणं अवघडच. या प्रकरणात तेच नडलं, असं मला वाटतं.

नवी तूर यायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका डाळ मिलच्या शेठचा फोन आला, ‘‘मुनीमकाकांचे मेल जाईनात. फाइल मोठी असली की अडकतंय. तुम्ही जरा येऊन बघा, त्यांना काही जमंना झालंय.’’ हे शेवटचं वाक्य मी तसंच उचललं. जायच्या आधीच माझ्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या : फाइल मोठी आहे आणि माणूस जुना आहे.

काका साठीच्या पुढचे. बावीस वर्षं त्याच गादीवर. आधी खतावणी, मग टॅली, मग थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमवर मेल. महिन्याची बिलं स्कॅन करून एका पीडीएफमध्ये सीएकडं पाठवायची, हे त्यांचं काम. फाइल बघितली तर 19 एमबीची. स्कॅनर 600 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके, तेही रंगीत. काळ्या शाईतल्या बिलाला एवढं कशाला लागतं? मी त्यांना समजावून सांगितलं की मेलमधून फाइल आहे तशी जात नाही. बेस-64 नावाच्या पद्धतीनं तिचे दर तीन बाइट चार अक्षरांत बदलले जातात, दर 76 अक्षरांनंतर ओळ तोडली जाते, म्हणून 19 एमबीची फाइल वाटेत 26 एमबीची होते. ‘25 एमबीच्या आत’ असं समजून लोक 22 ची फाइल जोडतात आणि ती परत येते, ती याच कारणानं. स्कॅनर 200 डीपीआय आणि ग्रेवर आणला. फाइल 3 एमबीची झाली. त्या दुपारी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली होती, म्हणून माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून पाठवून दाखवली. लगेच गेली. निघताना शेठना म्हणालो, ‘‘काकांना थोडं शिकवावं लागेल.’’ काका तिथंच टेबलाशी उभे होते.

चार दिवसांनी पुन्हा फोन आला. आता 3 एमबीही जात नव्हती. पट्टी थोडी पुढं सरकायची, थांबायची, आणि दीड-दोन मिनिटांनी पाठवणाऱ्या सर्व्हरशी जोडणी कालबाह्य झाल्याचा संदेश यायचा. थंडरबर्डची वाट बघायची मुदत मुळात 100 सेकंदांची असते, ती मी 300 केली. अँटिव्हायरसची जाणारे मेल तपासायची सोय बंद केली, ती मोठ्या अटॅचमेंटचा गळा बऱ्याचदा धरते. पोर्ट, म्हणजे मेल सर्व्हरशी जोडायच्या दाराचा क्रमांक, 465 वरून 587 केला. मग ‘टेस्ट’ एवढाच शब्द लिहून मेल पाठवला, तो गेला. औशाहून दुसरा फोन येत होता, मी उठलो. आमच्या धंद्यातले सगळे हेच करतात : ‘टेस्ट’ लिहून पाठवायचं, गेला की बॅग उचलायची.

तिसऱ्यांदा गेलो ती 11 तारीख होती. जीएसटीआर-1, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरण, भरायचा शेवटचा दिवस. सीएच्या ऑफिसातून सकाळपासून फोन सुरू होते. शेठ वजनकाट्यावर ओरडत होते, ‘‘आता एखादा शिकलेला पोरगाच ठेवतो.’’ मी आधी हॉटस्पॉट लावून सीएची फाइल पाठवून दिली आणि त्या दिवसाचे बाकीचे फोन बंद ठेवले.

मग मी सर्व्हरशी थेट बोलून बघितलं. जोडणी झाली की मेल सर्व्हर सुरुवातीलाच आपली मर्यादा सांगतो. या सर्व्हरनं सांगितली 52428800, म्हणजे 50 एमबी. फाइल मोठी म्हणून नाकारली असती तर 552 क्रमांकाचा नकार आला असता. तसा नकार एकदाही आला नव्हता. म्हणजे मेल कुणी नाकारतच नव्हतं, तो पोचतच नव्हता. हा साधा फरक मी पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होता.

तेवढ्यात काका हळूच म्हणाले, ‘‘सर, एक दाखवू का? मी म्हणलो होतो शेठला, पण...’’ आणि त्यांनी टेबलाच्या कप्प्यातून लाल कापडी बांधणीची वही काढली.

रोजकीर्द लिहितात तशी ती वही होती. तारीख, वेळ, कोणाला, फाइल आहे की नाही, आणि शेवटच्या रकान्यात ‘गेला’ किंवा ‘राहिला’. सतरा दिवसांच्या नोंदी. माझ्या दोन्ही भेटीही त्यात वेळेसकट होत्या, पहिलीपुढं ‘सरांच्या फोनवरून गेला’ असा शेरा मारून. मी बोट फिरवत खाली आलो आणि एका ओळीवर थांबलो. ट्रान्सपोर्टवाल्याला पत्र, फाइल नाही, राहिला. दुसऱ्या दिवशी त्यालाच, फाइल नाही, राहिला. तिसऱ्या दिवशी त्यालाच, इंग्रजीत, गेला. आणि बाजूला लहान अक्षरात : ‘मराठी जात नाही, इंग्रजी जाते.’

‘‘शेठ म्हणले मराठीत लिहीतच जाऊ नका, कॉम्प्युटरला झेपत नाही. मला काही पटंना झालं. आधी जात होतं की ओ.’’

सतरा दिवस ज्याला आम्ही सगळे ‘मोठ्या अटॅचमेंटचा प्रॉब्लेम’ म्हणत होतो, तो अटॅचमेंटचा नव्हताच. पत्र होतं चाळीस कट्टे कमी भरल्याबद्दलचं, जेमतेम पाऊण पान. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, आणि वेगळा धरून प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन-तीन बाइट घेतं. ‘तूर’ हा शब्द नऊ बाइटांचा, ‘कट्टे’ पंधरा. नेटवरून माहिती लहान लहान तुकड्यांत जाते, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. इंग्रजीतल्या चार ओळी पत्त्यांसकट एका पॅकेटात मावत होत्या. मराठी पत्राला एक पॅकेट पुरत नव्हतं, म्हणजे पहिलं पॅकेट काठोकाठ भरून निघायचं. आणि काठोकाठ भरलेलं पॅकेट या लाइनवर कुठंतरी गडप होत होतं. माझा ‘टेस्ट’ दर वेळी का जायचा, ते तिथं कळलं.

मग पिंग लावलं, म्हणजे ठरावीक मापाचं पॅकेट पाठवून उत्तर येतंय का बघितलं, ‘तुकडे करू नकोस’ या अटीसह. इथरनेटवर पॅकेट 1500 बाइटपर्यंतचं असतं, त्यातले 28 शीर्षकाचे, म्हणून 1472 पासून सुरुवात केली. उत्तर नाही. 1464, नाही. 1452, आलं. 1453, नाही. पाच वेळा करून बघितलं. 1452 ला येतंय, 1453 ला शांतता. 28 मिळवले की 1480. वाटेत वीस बाइट कमी पडत होते. एका पॅकेटवर आयपीचं आणखी एक वेष्टन चढवलं की नेमके वीस बाइट जातात. अशी वेष्टनातून पॅकेटं नेणाऱ्या वाटेला बोगदा म्हणतात. इंटरनेट पुरवणाऱ्यानं पुढं कुठंतरी तो टाकला असणार, ही माझी समजूत.

बोगदा टाकण्यात चूक काही नाही. पॅकेट मावत नसेल तर वाटेतल्या राउटरनं ‘लहान करून पाठव’ असा निरोप पाठवणाऱ्याला द्यायचा, ही व्यवस्था 1990 च्या आरएफसी 1191 पासून आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं याचे क्रमांकवार दस्तऐवज). तो निरोपच सुरक्षेच्या नावाखाली बंद करून ठेवतात. मग पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि शेवटी मुदत संपते. 2000 सालच्या आरएफसी 2923 मध्ये या दुखण्याची ‘ब्लॅक होल’ म्हणून नोंद आहे. येणाऱ्या वाटेला काही अडचण नव्हती, त्यामुळं बाजारभाव उघडत होते, व्हिडिओ चालत होते, आणि ‘नेट तर चांगलं आहे’ म्हणून सगळ्यांचं बोट काकांकडं होतं.

पुरवठादाराला फोन केला. ‘‘स्पीड टेस्ट करा, फुल येतोय का नाही?’’ ती टेस्ट त्यांच्याच सर्व्हरशी होते, बोगद्याच्या अलीकडं. मी 1452 आणि 1453 चं सांगितलं. पलीकडच्या मुलानं तक्रार नोंदवली : ‘इंटरनेट स्लो’. चिडून उपयोग नव्हता. त्याच्या पडद्यावर दुसरा रकानाच नसणार. पण ज्यांनी तो रकाना केला नाही, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

राउटरच्या पानावर एमटीयूचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या पॅकेटच्या मापाचा, आकडा 1500 होता, तो 1480 केला. सेव्ह. राउटर पुन्हा चालू व्हायला दीड मिनिट लागला. मी काकांना म्हणालो, ती पहिली 19 एमबीचीच फाइल लावा. पट्टी सरकत राहिली, कुठंही न थांबता भरली आणि खिडकी बंद झाली. काकांनी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. मग विचारलं, ‘‘सर, ते मराठीतलं पत्र ड्राफ्टमध्ये तसंच आहे. आता पाठवू का? इंग्रजीत मला नीट लिहिता आलं नव्हतं.’’ पाठवलं. ‘गेला.’

बाहेर वजनकाट्यावर शेठना सांगितलं, लाइनचा दोष होता, काकांचा नव्हता, आणि दोष सापडला तो त्यांच्या वहीमुळं. ते ‘‘असं का, बरं बरं’’ म्हणाले आणि ट्रकची पावती बघायला वळले. मग मी आत परत गेलो. पहिल्या दिवशी जे वाक्य काकांच्या समोर बोललो होतो, ते चुकीचं होतं असं त्यांना सांगितलं. ते वहीला दोरी बांधत होते. म्हणाले, ‘‘नाही ओ सर, तुम्ही निदान वही वाचली.’’

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरच्या एका आडत दुकानात प्रिंटर लावायला गेलो. लाइन त्याच पुरवठादाराची. काम झाल्यावर सहज पिंग लावलं. 1452 ला उत्तर आलं, 1453 ला नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, मेल वगैरे जातात का नीट? तो म्हणाला, ‘‘फाइल मोठी असली की जात नाही सर, आम्ही आता पाठवतच नाही.’’