आमची वाटचाल : शिकंजा, दाभण आणि मराठी पुस्तक

कोल्हापुरातील आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘पुस्तक विक्रेते’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत आणि ‘बाइंडिंगची कामे केली जातील’ ही ओळ त्यांच्याखाली लहान अक्षरांत आहे. धंद्याचा क्रम मात्र याच्या उलट आहे. वडिलांनी सुरुवात केली ती बाइंडर म्हणून, आणि तीही पुस्तकांवर नव्हे. शाहूपुरीतल्या गूळ अडत्यांच्या किर्दी, खतावण्या आणि रोजमेळ बांधणे हे त्यांचे पहिले काम होते. हिशेबाची वही वर्षभर रोज उघडली जाते, उघडल्यावर ती सपाट राहावी लागते, आणि तिचे पान सुटले तर व्यापारी पुढच्या वर्षी दुसरा बाइंडर पाहतो. अशा गिऱ्हाइकांच्या हाताखाली तयार झालेली शिवण पुढे वाचनालयांच्या कामी आली, असे वडील नेहमी सांगत.

वाचनालयांचे काम मिळण्यासाठी कोल्हापूरसारखी जागा दुसरी नव्हती. करवीर नगर वाचन मंदिर येथे १८५० पासून चालू आहे, आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठी भारतातला पहिला कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानेच केला. पुढे १९६७ च्या राज्य कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता, अ, ब, क, ड असे वर्ग आणि दरवर्षीचे अनुदान मिळू लागले. अनुदान आले की पुस्तक खरेदी होते, आणि तपासणी जवळ आली की फाटकी पुस्तके आठवतात. त्यामुळे तपासणीच्या हंगामात पन्हाळा, करवीर, कागल या तालुक्यांतल्या वाचनालयांची गाठोडी एस.टी.च्या टपावरून आमच्या दारात उतरत असत. पैसे मात्र अनुदानाच्या पुढच्या हप्त्यापर्यंत थांबत. उधारी सोसण्याची सवय आम्हांला त्या काळापासून आहे, आणि ती आजही पूर्णपणे सुटलेली नाही.

ही गाठोडी सोडता सोडता एक गोष्ट लक्षात येत गेली, आणि आमच्या धंद्याचे पुढचे वळण तिच्यामुळेच ठरले. काही पुस्तके पुन्हा पुन्हा येत. पाठीमागचे तारखांचे पान शिक्क्यांनी भरलेले, त्यावर दुसरे आणि तिसरे पान चिकटवलेले, कोपरे गोल झालेले आणि ज्या गुप्त पानावर वाचनालयाचा शिक्का असतो तेच नेमके निखळलेले, अशा अवस्थेत ती येत. आजरा हे आमच्याच जिल्ह्यातले गाव. तिथल्या शिवाजी सावंतांची १९६७ ची ‘मृत्युंजय’ आणि कोवाडच्या रणजित देसाईंची १९६२ ची ‘स्वामी’ या कादंबऱ्यांनी आमच्या कारखान्यात किती दोरा संपवला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वि. स. खांडेकर तर कोल्हापुरातच राहिले. त्यांच्या ‘ययाति’ला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाल्यावर तिच्या प्रती इतक्या फिरल्या, की काही वाचनालयांनी नवी प्रत घेतल्याबरोबर, ती देवघेवीला लावण्याआधीच, कापडी बांधणीसाठी आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण ‘जे फाटते ते अभिजात’ असा सोपा निष्कर्ष यातून निघेल आणि तो खरा नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तिका कोणत्याही कादंबरीपेक्षा लवकर फाटत. पण त्या बांधायला जवळजवळ कोणी आणत नसे. चिंध्या झाल्या की त्या बाद व्हायच्या आणि त्यांच्या जागी नव्या यायच्या. वाचकालाही तेच चालत असे. याउलट एखाद्या जाड आत्मचरित्राची बांधणी नव्या प्रतीच्या किमतीला भिडत असली, तरी ग्रंथपाल म्हणे, “होऊ दे खर्च, आमचे सभासद हीच प्रत मागतात.” वाचकांची संख्या ही एक गोष्ट आहे, आणि फाटल्यानंतरही हे पुस्तक आपल्याकडे राहिले पाहिजे असे वाटून त्यासाठी खिशात हात घालणे ही दुसरी. जुन्या साहित्याच्या टिकून राहण्याविषयी सभासंमेलनांतून पुष्कळ बोलले जाते. आमचा अनुभव असा आहे, की त्यातला मोठा भाग कोणत्या तरी गावच्या अर्धवेळ ग्रंथपालाने कोणत्या तरी वर्षी घेतलेल्या अशा निर्णयाचा असतो.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांपैकी पहिला सिद्धान्त पुस्तके वापरासाठी असतात हाच आहे. कोरी करकरीत कपाटे कौतुकाने दाखवणाऱ्या कार्यकारिणींना आम्ही तो अधूनमधून ऐकवतो, अर्थात बिल वसूल झाल्यानंतर.

बांधणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुस्तकांच्या दुकानाच्या इतिहासात हा विषय सहसा येत नाही. जुनी मराठी पुस्तके फर्म्यांची असत. सोळा पानांचा एक फर्मा घडी घालून, त्याच्या घडीतून दोरा घेऊन एकेक फर्मा पुढच्याशी शिवलेला असे. असे पुस्तक खिळखिळे झाले तरी उसवून, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी लावून पुन्हा शिवता येते आणि ते पहिल्यासारखे सपाट उघडते. पुढे खर्च वाचवण्यासाठी पाठ कापून गरम डिंकाने सुटी पाने चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. घरच्या कपाटासाठी ती ठीक आहे. वाचनालयात मात्र पाच-पन्नास हात फिरल्यावर डिंक तडकतो आणि जाड कादंबरी बरोबर मध्यावर दुभंगते. तिला घडीच उरलेली नसल्यामुळे बाजूने दाभणाने भोके पाडून आडवी शिलाई मारावी लागते. त्यात आतला समास जातो आणि मग वाचकाला पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागते. म्हणून समास पुरेसा असेल तरच आम्ही शिलाई करतो, नाहीतर पाठ खरवडून, पाने पंख्यासारखी दोन्ही बाजूंनी वाकवून पांढरा चिकट पदार्थ आत मुरवतो आणि शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवतो. पुठ्ठ्यासाठी आजही मैद्याची खळ शिजते, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद पडतो.

खरी अडचण कागदाची आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःतल्याच आम्लाने पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी कोपरा दुमडला तरी तुकडा हातात येतो. अशा कागदाला कोणतीही शिवण धरत नाही. जुन्या पुस्तकांच्या वासाने भारावून जाणारे ग्राहक दुकानात पुष्कळ येतात. तो वास बहुतांशी कागद कुजण्याचा असतो, हे त्यांना सांगणे आम्ही टाळतो. काम करणाऱ्याला मात्र तो वास आला की या पुस्तकाचे पुढे काय करायचे याची काळजी लागते.

याच काळजीतून दुकान सुरू झाले. बांधता न येणारी पुस्तके परत करताना ग्रंथपाल विचारत, “मग नवी प्रत तरी मिळवून द्याल का?” वडील पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन याद्यांप्रमाणे शोध घेत. पुष्कळदा आवृत्ती संपलेली असे, आणि पुनर्मुद्रण केव्हा होईल हे प्रकाशकालाही सांगता येत नसे. मग जेथे दोन-चार प्रती दिसतील तेथे त्या उचलून ठेवायच्या, अशी पद्धत पडली. कारखान्याच्या पुढच्या खोलीत एक मांडणी आली, नंतर दुसरी आली. काही प्रकाशकांनी जाकड माल द्यायला सुरुवात केली, म्हणजे विकला तर पैसे आणि नाही तर पुस्तक परत, आणि आम्ही विक्रेते झालो. आजही आमच्या मांडणीचा मोठा भाग अशाच ‘परत मागितल्या जाणाऱ्या’ पुस्तकांचा आहे. नवी गाजणारी पुस्तके आम्ही ठेवतो, पण थोडी. शिकंज्याखालून एकदा तरी परत आलेल्या पुस्तकावर भांडवल अडकवायला आम्हांला भीती वाटत नाही.

कायद्याचाही यात हात आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे साहित्य कोणालाही छापता येते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ‘श्यामची आई’च्या निरनिराळ्या किमतींच्या आवृत्त्या तेव्हापासून बाजारात दिसतात. स्वस्त प्रत अधिक घरांत पोचते, हे चांगलेच झाले. मात्र त्यांतल्या काही आवृत्त्यांत मुद्रितशोधन झालेलेच नाही आणि कागद असा आहे, की मागच्या पानाची अक्षरे पुढच्या पानावर दिसतात. म्हणून शाळांची मागणी आली तर आम्ही आधी दोन-तीन आवृत्त्यांचे नमुने समोर ठेवतो आणि मुख्याध्यापकांना मधले एखादे पान मोठ्याने वाचायला सांगतो. चूक सापडली की किमतीची घासाघीस आपोआप थांबते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचा महापूर आला. दुकान उंचावर असल्यामुळे वाचले, पण नदीकाठच्या गावांतील वाचनालयांची खालची कपाटे दिवसेंदिवस पाण्यात राहिली. भिजलेल्या पुस्तकांच्या बाबतीत पहिले दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. लोक मदतीच्या भावनेने पुस्तके अंगणात उन्हात पसरत होते. कडक उन्हात पाने वेडीवाकडी होतात आणि पुठ्ठा उलटा वळतो, हे समजावून सांगण्यात आमचा बराच वेळ गेला. पुस्तके सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, किंचित उघडून उभी करायची, मध्ये मध्ये न छापलेला कोरा न्यूजप्रिंट घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा, असे ते काम आहे. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रमय पुस्तके मात्र विटेसारखी घट्ट होऊन गेली; ती सुटली नाहीत. साध्या कागदाची, दोऱ्याने शिवलेली जुनी पुस्तके त्यामानाने बरीच निभावली. पुस्तकांच्याही आधी आम्ही प्रत्येक ठिकाणी दाखल नोंदवही हातात घेतली, कारण ती गेली की वाचनालयात काय होते हेच सांगता येत नाही आणि पंचनामा व अनुदान दोन्ही अडून बसतात.

त्यानंतर नव्या प्रतींच्या याद्या आल्या, आणि त्या वाचण्यासारख्या होत्या. पुरात शेकडो पुस्तके गमावलेल्या वाचनालयाला सुरुवात कोठून करायची हे ठरवावे लागते, आणि हाती पैसे थोडे असतात. या याद्यांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके वर होती, कारण वाचनालयात दिवसभर बसणारी मुले तीच मागतात. त्यांच्या खालोखाल तीच नावे होती, जी वडिलांच्या काळी गाठोड्यांतून येत असत: खांडेकर, माडगूळकर, पु. ल., सावंत, अण्णा भाऊ साठे. यादी करणारे सभासद बहुतेक तरुण होते, आणि त्यांनी ही पुस्तके वाचली होती ती त्याच वाचनालयाच्या, आता वाहून गेलेल्या प्रतींतून.

ऑनलाइन विक्रीविषयी आम्हांला नेहमी विचारले जाते. ज्याला पुस्तकाचे नाव ठाऊक आहे आणि फक्त किंमत पाहायची आहे, तो ग्राहक आमच्याकडून गेला. तेवढी सूट लहान दुकानाला परवडत नाही. उरला तो ग्राहक वेगळा आहे. त्याला पुस्तकाचे नाव अर्धवट आठवते, किंवा आजीने वाचून दाखवलेला एखादा प्रसंग आठवतो आणि पुस्तक आठवत नाही. त्याच्याशी बोलत बोलत नावापर्यंत पोचणे हे आमच्या काउंटरवरचे नित्याचे काम आहे. पुस्तक आमच्याकडे नसले तर कोणत्या वाचनालयात असेल तेही आम्ही सांगतो. त्याने विक्री बुडते अशी शंका घेणाऱ्यांना इतकेच सांगतो, की वाचनालयात पुस्तक आवडलेला वाचक पुष्कळदा स्वतःची प्रत घ्यायला येतो. न आवडलेल्या वाचकाचे पैसे वाचतात आणि तोही परत येतो.

सध्या कारखान्यात दोन कारागीर आणि एक शिकाऊ मुलगी आहे. दोऱ्याची शिवण तिला आता स्वतंत्रपणे जमते. दिवाळी अंकांचे वार्षिक खंड, वाचनालयांची देवघेवीची पुस्तके आणि घरगुती संग्रहांची बांधणी आम्ही घेतो. हस्तलिखित पोथ्या आणि मोडी कागद मात्र घेत नाही. त्यांना खळ आणि कात्री लावणे हे आमचे काम नव्हे, म्हणून असे दप्तर घेऊन येणाऱ्यांना आम्ही शिवाजी विद्यापीठातल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करायला सांगतो. वाचनालयांनी तपासणीच्या तोंडावर गाठोडी न पाठवता पावसाळा संपताच पाठवावीत, अशी विनंती आहे. पुस्तके दमट असताना बांधली तर पुठ्ठा नंतर वाकतो आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.