ब्लॉकसाठी अठरा दिवस: अप्पांच्या घशाच्या ऑपरेशनचा माझा अनुभव

अप्पा मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारायचे. आवाज बसला तेव्हा सगळे म्हणाले ओरडून बसला असेल, त्यात दोन महिने गेले, मग जिल्ह्याच्या गावी बायोप्सी केली तर कॅन्सर, तिसरी स्टेज, डावीकडचा स्वरतंतू हलतच नव्हता.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की अख्खी आवाजपेटी न काढता 'निअर टोटल' करता येईल. म्हणजे चांगल्या बाजूची पट्टी ठेवायची, तिच्यातून श्वासनलिकेपासून घशापर्यंत बारीक वाट करायची. गळ्याला भोक कायमचं राहतं, पण त्यावर बोट ठेवलं की हवा त्या वाटेने वर जाते आणि बोलता येतं, वेगळा व्हॉल्व्ह बसवावा लागत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. पिअर्सन यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत आणली. अट एकच, दुसरी बाजू आणि मागचा भाग मोकळा पाहिजे. म्हणजे गाठ तिकडे सरकली की हा मार्ग बंद.

आणि इथेच आम्ही अडकलो. मुंबईत नुसता रिपोर्ट चालत नाही, त्यांना स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लागतात (स्लाइड म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याचा काचेवर लावलेला पातळ काप, ब्लॉक म्हणजे तुकडा मेणात बसवून ठेवतात तो, त्याचे नवे काप काढून ते स्वतः तपासतात). मी रात्रीच्या गाडीने परत आलो. लॅबवाला म्हणे ब्लॉक देत नाही, स्लाइड न्या. मग म्हणे हॉस्पिटलचं पत्र आणा. पत्र आणलं तर सही करणारे मॅडम सुट्टीवर. सोमवारी या. सोमवारी म्हणे ब्लॉक स्टोअरमध्ये आहे, शोधावा लागेल. माझ्या वडिलांच्या घशाचा तुकडा, पैसे आम्ही भरलेले, आणि मी काउंटरवर हात जोडून उभा! घरी अप्पांना जिना चढताना श्वासाचा आवाज यायला लागला होता, मला रात्री झोपेतसुद्धा तो ऐकू यायचा. पुन्हा बायोप्सी करू म्हटलं तर परत भूल, परत जखम. अठराव्या दिवशी ब्लॉक हातात आला. म्हणून सांगतो, बायोप्सी करतानाच विचारून ठेवा ब्लॉक कसा मिळेल, अर्ज लेखी द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या. आणि उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.

नशिबाने उजवी बाजू मोकळी निघाली. ऑपरेशन झालं, नाकातल्या नळीने जेवण, मग रेडिएशनचे तीस डोस, सगळं जमलं. हो, रेडिएशनच्या आधी दात दाखवून घ्या, किडलेले असतील तर तेव्हाच काढतात, नंतर काढणं अवघड जातं. भोकावर पातळ कापड बांधा, आंघोळीला पाणी आत जाऊ देऊ नका.

पहिले काही आठवडे नुसती हवा फुसफुसायची, मी घाबरलो होतो. मग एका संध्याकाळी अप्पांनी बोट ठेवलं आणि फोनवर आईला विचारलं, "जेवलीस का?" आवाज घोगरा आहे, पण अप्पांचाच आहे.

मुंबईहून परत मिळालेला ब्लॉक आता आमच्या कपाटात आहे, पावतीसकट.