नोट होती, आता वॉर्निंग आहे

जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ११ वरून १७ वर गेलो. कोडचं एक अक्षर बदललं नाही, तरी आज बिल्डमध्ये ‘न्यू इंटिजर’च्या ओळीवर वॉर्निंग आली. मेथडवर सप्रेसवॉर्निंग्जमध्ये, म्हणजे वॉर्निंग दाबणाऱ्या खुणेत, ‘डेप्रिकेशन’ लिहिलेलं असूनही!

वॉर्निंगमधला कंसातला शब्द बघा: ‘रिमूव्हल’.

‘न्यू इंटिजर’चा हा कन्स्ट्रक्टर जावा ९ मध्ये डेप्रिकेट झाला (म्हणजे ‘आता वापरू नका’) आणि १६ मध्ये त्यावर ‘फॉर रिमूव्हल’चा, म्हणजे पुढे काढून टाकणार असल्याचा, शिक्का बसला. कंपायलरसाठी ही वेगळी कॅटेगरी आहे. साध्या डेप्रिकेशनला नुसती नोट येते, ओळ हवी तर -एक्सलिंट:डेप्रिकेशन लावावं लागतं. रिमूव्हल मात्र न विचारता ओळ नंबरासकट दिसतं, आणि जुन्या सप्रेसला जुमानत नाही.

कृपा करून तिथे ‘रिमूव्हल’ लिहून ते दाबू नका. इंटिजर.व्हॅल्यूऑफ वापरा. पण बदलताना कोडमधले == तपासा. == आकडा नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं: व्हॅल्यूऑफ -१२८ ते १२७ साठी तोच ऑब्जेक्ट परत देतं, त्यामुळे ५ ला तुलना खरी आणि १००० ला सहसा खोटी. तिथे इक्वल्सच हवं.

आधीच कंपाइल झालेल्या जारमधला (जावा कोडच्या पॅकेज फाइलमधला) असा वापर javac ला, म्हणजे जावाच्या कंपायलरला, दिसत नाही. त्यासाठी जेडीकेमध्येच जेडेप्रस्कॅन हे टूल आहे, --फॉर-रिमूव्हल लावून चालवा.

तुमच्या जारवर शेवटचं कधी चालवलंत?