आडवा पट्टा

तो पट्टा माझ्याआधी आईने ओळखला.

आमच्याकडे एक जुनं नेटबुक पडून होतं. मदरबोर्ड गेलेला, बॅटरी फुगलेली, पण १०.१ इंची पडदा ठणठणीत. भंगारवाल्याला द्यायचा धीर होईना. त्याच सुमारास फाटकावर कॅमेरे बसवले. त्यांचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला, म्हणजे बाहेर कोण आलंय हे बघायचं तर मालिका थांबवायची. आई ते करणार नाही, हे सांगायला नकोच. मग म्हटलं, नेटबुकचा पडदा काढावा, ओट्याशेजारी टांगावा आणि डीव्हीआरची एचडीएमआय केबल त्याला द्यावी.

'द्यावी' म्हणणं फार सोपं. एचडीएमआयच्या १९ पिना आणि त्या पडद्यामागची केसासारख्या तारांची ४० पिनांची केबल, यांची सोयरीक थेट जुळत नाही. मध्ये एक बोर्ड लागतो. तो आणायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराला मोठ्या उत्साहाने नेटबुकचं मॉडेल सांगायला लागलो, तर त्याने हात वर केला.

"काका, लॅपटॉप कुठला ते नको. पॅनेलचा नंबर सांगा. मागे स्टिकर असतो."

फोटो काढून नेला होता, तो दाखवला. "एक हजार चोवीस बाय सहाशे," तो बोर्ड काढता काढता म्हणाला. "ह्याला ३.३ व्होल्ट. हा जम्पर बघून घ्या, व्होल्ट ठरवणारी ही छोटी टोपी. चुकून बारावर बसवलात तर पॅनेल जाईल, मग माझ्याकडे येऊ नका."

रात्री जेवणं झाल्यावर सगळं डायनिंग टेबलवर मांडलं. जम्पर तीनदा तपासला. बटण दाबलं. पडदा उजळला आणि चिनी भाषेतला मेनू आला. तो कसाबसा घालवला, तर मागे आमचं फाटक! पण सगळं चित्र वर सरकलेलं. फाटकाचा खालचा भाग मध्यावर, वरचा भाग पार तळाशी, आणि दोघांच्या मधून एक आडवा काळा पट्टा.

आई पाणी प्यायला उठली होती. चष्मा न लावताच म्हणाली, "अरे, हा आपल्या भोरच्या टीव्हीतला पट्टा की रे!"

भोरला आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता, लाकडी शटरचा. सिंहगडावरच्या टॉवरचं दूरदर्शन त्यावर यायचं. सिंहगड तसा जवळ, पण मध्ये डोंगर, त्यामुळे चित्राचा मूड ऋतूप्रमाणे बदलायचा. सिग्नल दुबळा झाला की चित्र वर पळायला लागायचं. निवेदिकेचे पाय आधी, मग काळा पट्टा, मग डोकं. अण्णा उठायचे, टीव्हीमागे हात घालून व्ही-होल्डची चकती केसभर फिरवायचे. चित्र हळू व्हायचं, पट्टा रेंगाळत वर सरकायचा, वरच्या काठावर अडकल्यासारखा थांबायचा आणि गुडूप. अण्णा हात काढेपर्यंत कुणी श्वास सोडायचं नाही.

तो पट्टा काय होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आपल्याकडच्या त्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं, पण दिसायच्या त्यातल्या ५७६. उरलेल्या ४९ ओळींच्या वेळात काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत तळापासून परत वर जायचा. प्रत्येक ओळीचंही तेच. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले ५२ चित्राचे आणि १२ डावीकडे परतायचे. अण्णा कचेरीत टायपिस्ट होते. ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि ते खटका ओढून कॅरेज परत आणायचे. तेवढ्या वेळात कागदावर अक्षर उमटत नाही, तसंच हे. परतताना झोताने रेघ ओढू नये म्हणून त्याला काळं करून ठेवत. रोज प्रत्येक चित्रासोबत तो काळा भाग घरी यायचाच, फक्त काठाबाहेर असायचा. चकती ढळली की उघडा पडायचा.

आता माझ्या टेबलावरच्या पडद्यात नळी नाही, झोत नाही. काचेच्या दोन पत्र्यांमध्ये द्रवस्फटिक आहेत. (पाहिलं तर ही वस्तू गाजरातून निघाली. १८८८ मध्ये फ्रीडरिश राइनिट्झरला गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंशांना वितळून गढूळ, १७८.५ अंशांना स्वच्छ. त्या मधल्या गढूळ अवस्थेवर आज सगळ्या जगाची करमणूक चालली आहे.) इथे कुणाला तळातून वर परतायचं नाही. मग पट्टा आला कुठून?

पॅनेलची डेटाशीट उघडली. दिसणारे ठिपके १०२४ बाय ६००. आणि खाली 'एकूण' म्हणून १३४४ बाय ६३५! म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी ३२० ठिपक्यांएवढी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी ३५ ओळींएवढी मोकळीक. डीव्हीआरकडून येणाऱ्या १९२० बाय १०८० चंही तसंच, तारेवर ते चित्र २२०० बाय ११२५ असतं. झोत गेला, टीव्ही भिंतीला चिकटले, पण परतायची वेळ कुणी काढून घेतली नाही. आमच्या वाड्यातली घंगाळं गेली तरी न्हाणीघरातला त्यांचा कट्टा कुणी फोडला नव्हता, त्यातलाच प्रकार.

अगदीच रिकामी नसते म्हणा ती जागा. एचडीएमआयने तिथे भाडेकरू ठेवलाय. सगळा आवाज त्या मोकळ्या जागेतून जातो. चित्र दम खातं तेवढ्यात गाणं सरकून घेतं, हे मला फार आवडलं.

तो छोटासा बोर्ड करतो काय, तर आधी एचडीएमआयने आठाचे दहा करून पाठवलेले बिट पुन्हा आठ करतो. मग १०८० ओळींच्या ६०० करतो, म्हणजे दर नऊ ओळींचा ऐवज पाच ओळींत बसवायचा. आणि मग ते सगळं पॅनेलच्या तारांवर चढवतो. माझं पॅनेल साधं, प्रत्येक रंगाला सहाच बिट. त्याला तारांच्या तीन जोड्या, प्रत्येकीवर एका फेरीत सात बिट, म्हणजे २१ जागांची गाडी. लाल, हिरवा, निळा मिळून १८ जागा. उरलेल्या तीन राखीव! एक 'ओळ संपली' सांगायला, एक 'चित्र संपलं' सांगायला आणि एक 'आत्ता जे चाललंय ते खरं चित्र आहे' हे सांगायला. सेकंदाला पाच कोटी बारा लाख फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत या तिघांच्या जागा राखीव. एस.टी.त इतकी शिस्त कधी पाहिली नाही.

माझ्या बोर्डात प्रोग्राम भलत्याच पॅनेलचा होता. मोकळीक किती आणि कुठे, याचा बोर्डाचा आणि पॅनेलचा हिशेब जुळत नव्हता, म्हणून काठाबाहेरचा पट्टा मध्यावर येऊन बसला.

"ह्याला अण्णांचं बटण नाही का?" आईने विचारलं.

बटणं पाच होती, पण त्यातलं कुठलंच अण्णांचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराने बोर्ड हातात घेतला, "दुसरा प्रोग्राम मारून देतो" म्हणाला आणि माझा चहा संपायच्या आत मारूनही दिला. मला उगीच थोडं वाईट वाटलं. पट्टा रेंगाळत वर जाऊन काठावर अडकेल, असं काहीतरी मनात धरून बसलो होतो. बटण दाबलं तर तो नव्हताच.

आता पडदा ओट्याशेजारी आहे. चित्र नीट, फक्त बाजूंनी जरासं चेपलेलं. १९२० ला १०८० चं प्रमाण १०२४ बाय ६०० मध्ये कोंबलं की माणसं साधारण चार टक्क्यांनी बारीक दिसतात. "दूधवाल्याला बरं नाही का रे?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं. सौ.ने मात्र सेटिंग बदलू दिलं नाही, तीही फाटकातूनच येते-जाते.

परवा बसल्या बसल्या हिशेब केला. आडवी-उभी सगळी मोकळीक धरली तर त्या तारांवर चित्र असतं ते ७२ टक्के वेळ. म्हणजे चोवीस तासांतले पावणेसात तास आमचा पडदा, कण कण करून का होईना, विश्रांती घेतो. आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, डोळे फाटकावर.

"पावणेसात?" ती म्हणाली. "आणि मी साडेचारला उठते."